सरकटे भाऊंचा स्वतःचा अर्ज

नरेंद्र सरकटे माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर बावीस वर्षं बसत आले. दुकान तहसील कचेरीच्या फाटकासमोर, त्यामुळे कचेरीत शिरणारा माणूस आधी त्यांच्याकडे वळायचा. रहिवासी दाखला, वारसाची नोंद, बांधाचं भांडण, नावातली चूक. विषय सांगितला की भाऊ थोडा वेळ त्या माणसाकडे बघत राहायचे आणि मग मान खाली घालून लिहायला लागायचे. अक्षर गोल आणि ठळक. आतल्या बाबूंना ते लांबून ओळखू यायचं. एकदा एका बाबूनं मला सहज विचारलं होतं, "हे सरकटे स्वतःच्या कामासाठी कधी आत आलेले दिसत नाहीत, नाही का?" मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

भाऊ मूळचे इंझोरीचे. घर बौद्ध, वडील शाळेत शिपाई. भाऊ बी. ए. झाले, पाच-सहा वर्षं नोकरीसाठी फिरले आणि शेवटी पेन घेऊन कचेरीसमोर येऊन बसले. लग्न केलं नाही. इंझोरीतच दिलेली त्यांची धाकटी बहीण उज्ज्वला, तिनं बरीच वर्षं स्थळं आणली, मग आणणं बंद केलं. भाऊ कामरगावला दोन खोल्यांच्या घरात राहायचे आणि रोज जीपनं ये-जा करायचे. त्या घरात त्यांच्यासोबत दौलतसिंग राहायचा.

दौलतसिंग गाडीलोहार. रस्त्याकडेला पालं ठोकून राहणारी, वखराची पाती, विळे, कुऱ्हाडी घडवणारी ही माणसं. आमच्या भागात त्यांची वीस-पंचवीस पालं तीस वर्षांपासून एकाच जागी आहेत. तरी गावाच्या हिशेबी ते फिरस्ते, म्हणजे आज आहेत, उद्या नाहीत. दौलतचा जन्म वाटेत कुठंतरी, बैलगाडीत झाला. खांडव्याच्या अलीकडं की पलीकडं, ते त्याच्या आईलाही नक्की सांगता येत नसे. त्यामुळे जन्माचा दाखला नाही. शाळेत गेला नाही, म्हणून तोही दाखला नाही. आधार काढायला दोनदा जाऊन आला, पण घण मारून मारून बोटं अशी गुळगुळीत झाली होती की मशीन ठसाच घेईना. तिसऱ्यांदा तो गेला नाही.

तो भाऊंकडे पहिल्यांदा आला ते अठरा वर्षांपूर्वी, बायको तापानं गेली तेव्हा. गावानं सरणाला जागा दिली नव्हती. एका शेतकऱ्यानं दया करून आपल्या शेताच्या बांधावर जाळू दिलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून लोहारांना थोडी जागा मिळावी, असा अर्ज भाऊंनी लिहून दिला. उत्तर आलं नाही. दौलत विचारायला दोनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं अर्जाचं काही विचारलंच नाही, नुसता ओट्याच्या कडेला बसून राहिला. त्या वर्षाच्या शेवटी तो भाऊंच्या घरी राहायला गेला. रोज सकाळी पालावर जाऊन भट्टी पेटवायचा, दिवसभर काम करायचा आणि संध्याकाळी घरी परतायचा.

कोणी विचारलं तर भाऊ म्हणायचे, "भाडेकरू आहे." गावानं ते मान्य केलं, कारण मान्य करणं सोपं होतं. मलाही ठाऊक होतं. भाऊंच्या चष्म्याची काडी तुटली तेव्हा दौलतनं ती बारीक तारेनं बांधून आणली. मग आपल्या काळ्या बोटांनी चष्मा त्यांच्या कानांवर बसवला, आणि नीट बसला की नाही ते मागं सरून पाहिलं. भाडेकरू असं पाहत नाही. पण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. पालं हलवावी लागणार होती. ज्यांच्याकडे रहिवासाचा पुरावा आहे त्यांना दुसरीकडे जागा मिळेल, असं कळलं. पुरावा कोणाकडेच धड नव्हता. त्याच सुमारास बाहेरून आलेल्या लोकांची पडताळणी सुरू झाली आणि पोलीस पालावर येऊन गाव विचारू लागले. मग लोहारांचा म्होरक्या राजपाल भाऊंकडे आला. भाऊंनी चार पानी निवेदन लिहिलं आणि जानेवारीत पंचवीस कुटुंबं तहसीलसमोर सतरंज्या टाकून बसली. आम्हाला आधी दाखले द्या, मग हलवा, एवढीच मागणी.

चौथ्या दिवशी धम्मदीपा आली. सोबत आणखी तिघी. धम्मदीपा तृतीयपंथी, वय तिशीच्या आसपास, मूळची अनसिंगची, बौद्ध घरातली. नाव तिनं स्वतः घेतलेलं. घरच्यांनी तिला काढलं तेव्हा रेशनकार्डावरूनही काढलं. जुने कागद आहेत ते मुलाच्या नावाचे, आणि त्या कागदांवरच्या फोटोत ती कोणाला दिसत नाही. त्या चौघी रेशनकार्डासाठी कचेरीत खेपा घालत होत्या. धरणं दिसलं तशा त्या सतरंजीपाशी येऊन थांबल्या.

"आमचंही हेच म्हननं हाय," धम्मदीपा म्हणाली. "संगं बसलो त चालंल का?"

राजपालनं तोंड फिरवलं. "बाई, तुमचं तुमी पाहा. आमचं होऊन राह्यलेलं काम बिघडन."

धम्मदीपानं भाऊंकडे पाहिलं. भाऊ ओट्यावरून उठून तिथं गेले होते, हातात निवेदनाची प्रत होती. ते म्हणाले, "दोन वेगळ्या मागण्या एका निवेदनात बसत नाहीत. तुमी वेगळं द्या. मी लिहून देतो."

"दादा, बसत नाही, का तुमाले बसवाचं नाही?"

भाऊ हातातल्या प्रतीची पानं सारखी करू लागले. मी काउंटरवरून पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते. पुढं बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला सांगितलं की त्यांना तेव्हा फक्त एकच भीती होती. ही बाई शेजारी बसली की लोक आधी तिच्याकडे पाहतील आणि मग भाऊंकडे. बावीस वर्षं लोकांसाठी भांडलेला माणूस त्या दिवशी स्वतःपुरतं पाहत होता, आणि हे त्यांना बोलता बोलताच कळत होतं.

दौलत मागच्या रांगेत बसला होता. तो उठला, आपलं पोतं एका बाजूला ओढलं आणि म्हणाला, "बसा इथं. जागा हाय."

राजपालला ते आवडलं नाही. दौलत पाल सोडून गावात राहायला गेला, हा राग त्याच्या मनात आधीपासून होताच. पण धम्मदीपा खाली बसली आणि कोणाशी भांडल्यासारखं न करता सांगू लागली. "मले मांगच्या महिन्यात पोलिसानं अडवलं. गाव कोनतं म्हने. म्या अनसिंग सांगतलं. त्यानं तेथच्या पोलीस पाटलाले फोन लावला. पाटील म्हने, या आडनावाचा पोट्टा होता आमच्या गावात, बाई कोनी नोती. घ्या. गावातली असून गावातली नाही."

राजपालनं दाढी खाजवली. मग म्हणाला, "आमी आजोबाच्या मुलखात गेलतो दाखल्यासाठी. ते म्हनले तुमी महाराष्ट्रातले. इथं आलो त हे म्हनतात तुमी तिकडले." आणि थोड्या वेळानं, "बसा मंग. पन घोषना आमच्या आमी देऊ."

भाऊंनी त्या संध्याकाळी निवेदनाचं शेवटचं पान फाडून नव्यानं लिहिलं. धम्मदीपाच्या मागणीची सहा वाक्यं त्यात घातली. माझ्याकडून प्रती काढताना माझ्याकडे पाहिलं नाही.

धरणं लांबत गेलं. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर. ऊन वाढत होतं. तुरीचं खळं चालू असल्यानं लोहारांपैकी निम्मे लोक कामाला निघून जायचे आणि म्हातारी माणसं, बाया तेवढ्या सतरंजीवर उरायच्या. त्या बाया आणि धम्मदीपाच्या मैत्रिणी एकमेकींच्या केसांत तेल घालत बसायच्या. सातव्या-आठव्या दिवशी कोण कुठल्या मागणीसाठी बसलंय हे रस्त्यानं जाणाऱ्याला सांगता आलं नसतं. कोणी फारसं विचारतही नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी पालावर गेली. ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता अशा तिघांना त्यांनी ठाण्यात नेलं. त्यात दौलत होता. राजपालचा फोन आला तेव्हा भाऊ एका म्हातारीचा अर्ज लिहीत होते. त्यांनी तो पूर्ण केला, तिला अंगठा कुठं लावायचा ते दाखवलं आणि मग मला म्हणाले, "ताई, तुमी येता का माह्यासंगं?" एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. मी शटर ओढलं. धम्मदीपा रस्त्यातूनच आमच्यासोबत चालायला लागली.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता. वाईट वागला नाही. त्याच्या टेबलावर यादीचे कागद पडले होते आणि डोळे झोप न झाल्यासारखे होते.

"तुमचा कोण लागतो हा?"

"भाडेकरू," भाऊ म्हणाले.

"करारनामा?"

"नाही."

"किती वर्षं राहतो?"

"अठरा."

"अठरा वर्षं भाडेकरू, करार नाही, ठाण्यात माहिती दिलेली नाही." अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "काका, हा तर उलट तुमच्यावर गुन्हा होईल. आणि याची ओळख कोण देणार? भाडेकरू म्हणजे उद्या घर सोडून गेला की तुमचा संबंध संपला."

धम्मदीपा काही बोलायला पुढं झाली. भाऊंनी हात आडवा केला. "थांबा. मी बोलतो."

बाजूच्या बाकावर दौलत बसला होता, हात मांडीवर, नजर खाली. भाऊ त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "साहेब, तो भाडेकरू नाही. आमी दोघं संगं राहतो. जसं घर असते तसं. अठरा वर्षं झाली."

कपाटापाशी उभा असलेला शिपाई एक फाईल काढून पुन्हा तीच आत ठेवू लागला. अधिकाऱ्यानं भाऊंकडे पाहिलं, धम्मदीपाकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मी मान हलवली. का हलवली ते मला सांगता येणार नाही, पण कोणीतरी हलवायला हवी होती.

"लेखी द्या," तो म्हणाला.

भाऊंनी कोरा कागद मागितला. प्रति, विषय, महोदय इथपर्यंत हात नेहमीसारखा चालला. मग थांबला. "ताई," ते हळूच म्हणाले, "नातं काय लिवू?"

मला सुचलं नाही. धम्मदीपानं सांगितलं असतं तर त्यांनी तेच लिहिलं असतं, म्हणूनच ती बोलली नसावी. भाऊंनी 'सोबती' असा शब्द लिहिला आणि खाली सही केली.

अधिकाऱ्यानं वाचलं. 'सोबती'वर एक बारीक रेघ मारली आणि वर 'परिचित' लिहिलं. "वर पाठवायला हे बरं पडतं," तो म्हणाला. "त्या शब्दावरून मलाच चार प्रश्न विचारतील." खोडलेल्या जागी त्यानं भाऊंची आखूड सही घेतली.

दौलतला संध्याकाळी पाचला सोडलं. दर सोमवारी हजेरी लावायची या अटीवर. बाकी दोघांना दुसऱ्या दिवशी. फाटकाबाहेर आल्यावर दौलत म्हणाला, "सांगतलं तुमी?"

"सांगतलं."

"मंग आता गावात जाचं कसं?"

"जीपनं," भाऊ म्हणाले. दोघं स्टँडकडे चालायला लागले.

बातमी त्यांच्या आधी कामरगावला पोचली होती आणि दुसऱ्या दिवशी इंझोरीला. गावात दगड वगैरे कोणी मारले नाहीत. लोक नुसते बोलायचे कमी झाले. पाण्याच्या टाकीवर भाऊंची बादली आली की बाया आपली भांडी थोडी बाजूला सारायच्या. माझ्या ओट्यावर येणाऱ्या लोकांतले काही रस्ता ओलांडून समोरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊ लागले. त्यांची अक्षरावरची श्रद्धा एका आठवड्यात संपली.

उज्ज्वला एक दिवस दुकानात येऊन बसली. भाऊ समोरच होते.

"मले मालूम होतं, दादा," ती म्हणाली. "आजचं नाही, पंधरा वर्षांपासून. पन मालूम असनं वेगळं अन् ठाण्यात लिवून देनं वेगळं."

"लिवलं नसतं त त्याले कोठी पाठवलं असतं, कोनाले ठावं."

"ते समजते मले." ती पदराशी चाळा करत राहिली. "धीरजचं लगन हाय एप्रिलमध्ये. त्याच्या सासरचे लोक... तूच येनं टाळ. म्या बोलली असं कोनाले सांगू नको."

धीरज तिचा मुलगा. त्याला भाऊंनी पहिलीची अक्षरं शिकवली होती. भाऊंनी मान डोलावली. एप्रिलमध्ये त्या तारखेला ते रोजच्यासारखे ओट्यावर आले आणि दिवसभर बसले. त्या दिवशी तीन अर्ज झाले.

धरणं तेराव्या दिवशी लेखी आश्वासनावर उठलं होतं. मार्चमध्ये दाखल्यांचं शिबिर लागलं. पंचवीसपैकी आठ कुटुंबांना रहिवासी दाखले मिळाले, त्यात राजपालचाही होता. उरलेल्यांच्या अर्जावर 'पुरावा अपूर्ण' असा शिक्का आला. पालं रस्त्यावरून उठली आणि गिट्टीच्या खदानीमागं दोन किलोमीटरवर गेली. तिथं गिऱ्हाईक पोचत नाही. दोन कुटुंबं कंटाळून पुसदच्या बाजूला निघून गेली, म्हणजे त्यांचे अर्ज आता पुन्हा पहिल्यापासून. धम्मदीपाच्या चौघींत एकीला रेशनकार्ड मिळालं. धम्मदीपाला नाही.

दौलतचं आधार जूनमध्ये निघालं. ठसे उमटेनात तेव्हा डोळ्यांवर भागवलं. त्यातही एका डोळ्यात ठिणगीचा जुना डाग असल्यानं चार वेळा बसवावं लागलं. आधार हातात आल्यावर भाऊंनी त्याचं नाव स्वतःच्या रेशनकार्डावर चढवायचं ठरवलं. धम्मदीपानं एका पत्राची प्रत आणून दिली. दिल्लीहून निघालेलं पत्र होतं, अशा दोघांना एका घरातले समजून एका रेशनकार्डावर घ्यावं असं त्यात म्हटलं होतं. मी त्याच्या पाच प्रती काढल्या.

पुरवठ्याच्या खिडकीवरच्या बाबूनं प्रत दोन्ही बाजूंनी पाहिली. "असं काही आमच्याकडे आलेलं नाही," तो म्हणाला. "आलं तरी कॉम्प्युटरमध्ये नात्याची यादी ठरलेली आहे. पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील..." तो वाचत गेला. "नोकर आहे. नोकर टाकू का? लगेच होतं."

"नाही," भाऊ म्हणाले आणि कागद उचलून बाहेर आले.

ओट्यावर आल्यावर दौलत चिडला. त्याला चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "काहून नाही म्हनलं? लिवू द्या ना नोकर. माह्या अंगाले शब्द टोचत नाही."

"मले टोचते."

"तुमाले टोचते म्हनून म्या पुन्हा बिनकागदाचा. मले उचलून नेतात, बाबूजी. तुमाले नाही."

भाऊ चष्मा पुसत राहिले. दौलत खरं बोलत होता आणि भाऊही खोटं बोलत नव्हते. दोन दिवस दोघं एकाच जीपनं आले, वेगवेगळ्या बाकांवर बसून.

शेवटी धम्मदीपानंच यादी नीट वाचली. खाली, सगळ्यांत शेवटी 'इतर' होतं. "माह्या फॉर्मवर लिंगापुढं हेच लिवतात," ती म्हणाली. "चांगलं नाही. पन खोटं तरी नाही."

दौलत भाऊंकडे पाहत राहिला. भाऊ उठले. बाबूनं 'इतर' दाबलं, कॉम्प्युटरनं घेतलं. ऑगस्टमध्ये नवीन कार्ड आलं. भाऊंनी ते मला दाखवलं आणि कपाटात ठेवायला घरी घेऊन गेले. आनंद झाला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दमलो, ताई."

आता गिऱ्हाईक पुन्हा थोडं थोडं येतं. कॉम्प्युटरवाल्याच्या अर्जात चुका निघतात म्हणून. आठवड्यातून एकदा धम्मदीपा येते, तिच्या नावाच्या बदलाचं प्रकरण आता तिसऱ्या टेबलावर आहे. उरलेल्या लोहारांचे पंधरा अर्ज भाऊंनी पुन्हा लिहिले, या वेळी राजपालच्या दाखल्याची प्रत जोडून. उज्ज्वलाचा फोन येतो, इकडचं तिकडचं बोलते, दौलतचं विचारत नाही.

सोमवारची हजेरी मात्र चालूच आहे. आधार झालं, रेशनकार्ड झालं, तरी ती बंद करायचा आदेश कुठून येत नाही. भाऊंनी त्यासाठी तीन अर्ज दिले. त्यामुळे सोमवारी दौलतचा अर्धा दिवस मोडतो. भाऊ त्याच्यासोबत ठाण्यात जातात, बाकावर बसतात, तो अंगठा लावून आला की दोघं माझ्या ओट्यावर चहा घेतात.

गेल्या सोमवारी दौलत एकटाच आला. भाऊंना दोन दिवसांपासून ताप होता. ठाण्यातल्या त्या कपाटवाल्या शिपायानं रजिस्टर पुढं सरकवताना विचारलं म्हणे, "तुमचे ते कोठी आहेत आज?"

"घरी निजले हाय म्हनलं मी," दौलत मला सांगत होता. मग कोणतं मेडिकल उघडं असेल ते विचारून, गोळ्या घेऊन तो एक वाजताच्या जीपनं परत गेला.